बिनधुळीची जत्रा

परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला गावात दोनच प्रकारचे लोक ओळखतात. ज्यांच्या नाटकाला आपण बरं म्हटलं ते एक, आणि ज्यांना समोरून येताना पाहून आपण गल्ली बदलतो ते दुसरे. मी अमरावतीत तीस वर्षं गल्ल्या बदलत काढली. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आली की मी पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना यथातथा, पाठांतर कच्चे' हा माझा मजकूर छापून तयार. हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले, की एका वर्षी ताप आल्यामुळे न पाहिलेल्या नाटकालाही ते तंतोतंत लागू पडले.

अशा अनुभवी माणसावर गेल्या डिसेंबरात एका बाजाराचं परीक्षण लिहिण्याची पाळी आली. बाजार नाताळचा. भरला कुठं म्हणाल तर कुठंच नाही. संगणकात.

"आबा, तुम्हाला आणि अकोल्याच्या मोठ्या आबांना एकाच वेळी जत्रेत नेऊ का?" नातीनं विचारलं. "घरबसल्या."

घरबसल्या ह्या शब्दावर आमच्या पिढीचा विश्वास नाही. घरबसल्या इंग्रजी शिका, घरबसल्या पाचशे रुपये मिळवा, अशा जाहिरातींना मनीऑर्डरी करून पस्तावलेली आम्ही माणसं. पण 'मोठे आबा' ऐकून मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

मोठे आबा म्हणजे माझे थोरले बंधू. मी त्यांना भाऊ म्हणतो. मुक्काम अकोला, वय ८१. उभा जन्म कापूस पेरण्यात आणि बाजारात घासाघीस करण्यात गेला. पैकी पेरणं त्यांनी मुलाच्या हाती दिलं. घासाघीस अजून स्वतःकडे ठेवली आहे. तीन वर्षांमागं भाऊ न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं जग खाटेपासून ओसरीतल्या खुर्चीपर्यंत. मोजून अकरा पावलं, तीही वॉकर धरून. दूधवाला, भाजीवाली आणि पोस्टमन एवढ्यांशीच काय ती घासाघीस. पोस्टमनशी कसली, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि जत्रा म्हणजे आमच्या घरात एकच. बहिरमची.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. (वऱ्हाडी वाचकांनी हा भाग ओलांडला तरी चालेल, पण ते ओलांडणार नाहीत.) परतवाड्याहून बैतुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबाबाचं ठाणं आहे. शेंदूर-लोण्यानं माखलेली भलीथोरली मूर्ती. २० डिसेंबरच्या सुमाराला यात्रा सुरू होते ती थेट जानेवारीअखेरपर्यंत चालते. म्हणजे तिकडे युरोपात नाताळचे बाजार भरतात, जवळपास त्याच दिवसांत. राहुट्या पडतात, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, मातीच्या हंडीत मटण शिजतं, आणि धूर, तिखट नि धूळ ह्यांचा मिळून जो वास तयार होतो तो कोटातून होळीपर्यंत जात नाही. पूर्वी तिथं तमाशाचे फड उतरत. त्याबद्दलची माझी माहिती ऐकीव आहे, असं मी चाळीस वर्षांपूर्वी घरात सांगितलं होतं आणि आजही माझं म्हणणं तेच आहे.

भाऊंबरोबर मी तिथं आधी बैलगाडीनं, मग एसटीनं आणि शेवटी पुतण्याच्या मोटारीनं गेलो. भाऊ घेत काय? एक मातीची हंडी. तिला दोन तास लागत. पहिल्या कुंभाराला भाव विचारायचा आणि छातीवर हात ठेवून "बाप्पाऽ!" म्हणायचं. दुसऱ्याकडे जाऊन पहिल्याच्या मडक्यांची तारीफ करायची. तिसऱ्याकडे नुसतं बसायचं, त्याची तंबाखू खायची, त्याच्या पोरीचं लग्न ठरलं का ते विचारायचं. मग पहिल्याकडे परत. बोटानं टिचकी मारून हंडीचा आवाज ऐकायचा आणि चेहरा असा करायचा, की कुंभाराला आपल्या सात पिढ्यांच्या धंद्याची शंका यावी. शेवटी दोन रुपये कमी. ते दोन रुपये आमच्या घरात संक्रांतीपर्यंत पुरत.

तुम्ही म्हणाल, भावाची एवढी ओढ, तर उठून अकोल्याला का जात नाही? प्रश्न रास्त आहे. अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. ह्याच महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता पाच दिवसांत झाला. त्या रस्त्यानं भावाकडे जायला मला त्यानंतर सात महिने लागले. कारण सांगण्यासारखं काही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. फोनवर बोलणं होतंच ना!

तर नातीनं मला खुर्चीत बसवलं. त्या जगाचं नाव सेकंड लाइफ. मला आधी ती विमा कंपनी वाटली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला लिंडन लॅब नावाची मंडळी आहेत, त्यांनी २००३ साली हे जग उघडलं. जमीन त्यांची, पण वरची घरं, बागा, बाजार हे सगळं तिथल्या रहिवाशांनी, म्हणजे ठिकठिकाणी माझ्यासारख्याच खुर्च्यांत बसलेल्या लोकांनी, उभं केलेलं. प्रत्येकाला एक बाहुला मिळतो. त्याला अवतार म्हणतात. शब्द आपलाच, पण साक्षात विष्णूला दहा अवतार घ्यायला युगं लागली, आणि नातीनं दहा मिनिटांत माझे चार केले. चौथा मी पसंत केला. त्याला केस होते.

तिकडे अकोल्यात भाऊंना त्यांच्या नातवानं बसवलं होतं. दोन्हीकडे फोन सुरू, आवाज मोठा केलेला. माझ्या बाहुल्यासमोर एक रुंद छातीचा, पंचविशीचा, कातडी जाकीट घातलेला गडी येऊन उभा राहिला.

"भाऊ, तुम्ही?"

"मलेच माह्यी वळख पटून नाई राह्यली, बापू. धोतर नाई भेटत म्हनते पोट्टा इथी."

आता परीक्षण. सवयीप्रमाणं नेपथ्यापासून सुरुवात करतो. दोन्ही अंगांना लाकडी टपऱ्या, त्यांच्या उतरत्या छपरांवर बर्फ, मधोमध दिव्यांनी लगडलेलं झाड, मागं चर्चचा मनोरा आणि पलीकडे गोठलेलं तळं. नमुना अस्सल जर्मन. ड्रेस्डेनचा असा बाजार १४३४ सालापासूनचा. न्यूरेंबर्गचा तर जगभर नावाजलेला. करोनामुळे २०२० आणि २०२१ अशी लागोपाठ दोन वर्षं तो भरला नाही, तेव्हा त्या गावाला केवढी चुटपुट लागली असेल हे बहिरमला जाणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा नक्कल करायला माणसांनी चांगलं मूळ धरलं आहे, आणि नक्कलही अशी की 'सूचक' म्हणायला जागाच नाही. टपरीच्या फळीवर लाकडाची गाठ होती, गाठीशेजारी खिळा होता आणि खिळ्याखाली गंजाचा ओघळ. आमच्या स्पर्धेत लोकांना दाराची कडी जागेवर बसवता येत नाही!

भाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "बापू, एवढा कापूस उघड्यावर?"

हसू नका. वऱ्हाडात बर्फ म्हणजे कापूसच. शाळेत असताना एका ख्रिस्ती मित्राच्या घरी नाताळचा गोठा मांडलेला असे. मातीची मेंढरं, गवतावर बाळ येशू, आणि छपरावर पिंजलेला कापूस. तो कापूस आमच्याच घरून जाई. बेथलेहेमवर आमच्या शेतातला बर्फ पडतो ह्याचा मला मोठा अभिमान होता.

भाऊंच्या डोळ्यांपुढं मात्र वेगळं काही आलं असणार. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हंगामात खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागत. अशाच एका रात्री भाऊंची गाडी रांगेत असताना अवकाळी पाऊस आला. अंगावरची घोंगडी त्यांनी कापसावर टाकली आणि स्वतः गाडीखाली कुडकुडत बसले. एक घोंगडी गाडीभर कापसाला कशी पुरणार? सकाळी ग्रेडरनं मूठभर कापूस दाबून पाहिला आणि "ओला आहे" म्हणाला. खरं तेच म्हणाला. त्या गाडीच्या पैशातून माझी कॉलेजची फी जायची होती. फी वेळेवर गेली. कशी गेली ते मी विचारलं नाही, आणि भाऊंनी आजवर सांगितलेलं नाही.

"बर्फ आहे तो, भाऊ."

"तरी झाकाले पायजे," भाऊ म्हणाले.

प्रकाशयोजनेबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण गोची तिथं आहे. त्या जगात मूळचा दिवस चार तासांचा. तीन तास उजेड, एक तास अंधार. पण ज्याची जागा त्याला आपल्या हद्दीत सूर्य हवा तिथं थांबवता येतो. बाजारवाल्यांनी तो ऐन दिवेलागणीला थांबवला होता. पश्चिमेला जांभळट उजेड, टपऱ्यांतून पिवळे दिवे. पहिली पंधरा मिनिटं मी खुळ्यासारखा बघत राहिलो. पण अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, तरी दिवेलागणच! रात्र व्हायला तयार नाही. बहिरमला दिवस मावळला की दुकानदाराची आवराआवर सुरू होते, उरलेला माल परत न्यायचा कसा ही काळजी त्याच्या तोंडावर दिसते, भाव उतरतात आणि भाऊंच्या चालीत जोर येतो. इथं कुणाला काही आवरायचंच नाही. संध्याकाळ खिळा ठोकून टांगलेली.

भाऊ पहिल्या टपरीपाशी जाऊन थांबले. लाकडी घोडे, प्रत्येकावर किंमत.

"दुकानदार कुठी हाय?"

"नसतो, मोठे आबा," नात म्हणाली. "वस्तूवर टिचकी मारायची, पैसे आपोआप जातात."

"मंग भाव कोनासंग करू म्या?"

दोन्ही घरांत शांतता पसरली. इतका नेमका आक्षेप माझ्या लेखणीतून तीस वर्षांत उतरलेला नाही. आम्ही आणखी वीसेक टपऱ्या हिंडलो. मेणबत्त्या, लोकरी टोप्या, आल्याच्या बिस्किटांची घरं, सगळं मांडलेलं. दुकानात माणूस नाही. भाऊंना वाटलं चहाला गेले असतील. एका ठिकाणी ते वाट पाहत उभे राहिले.

मी ते घोडे निरखून पाहत होतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. घोडा विकला गेला तरी जागचा हलत नाही. हजारांनी नेला तरी फळीवर तो आहेच. इथला माल संपत नाही, नासत नाही, भिजत तर मुळीच नाही. ज्याचा माल रात्रीतून भिजायचा नाही, त्याला गिऱ्हाइकाची गरज किती असणार? आणि ज्याला माझी गरज नाही, त्याच्याशी घासाघीस करण्यात कसली गंमत? नाटकाची सगळी तयारी आहे आणि अडचणच नाही, असा हा प्रकार आहे. कुणाचं काही अडलंच नाही तर पहिला अंक पुढं सरकायचा कसा?

कारागिरांवर मात्र अन्याय नको. ते घोडे कुणीतरी कुठंतरी रात्री जागून घडवलेले असतात, आणि मिळालेल्या पैशांचे खरे डॉलर करून घेता येतात. म्हणजे कलावंत आहे. तो फक्त रंगमंचावर येत नाही. तिथलं चलन लिंडन डॉलर. एकाचे आपले साधारण तीस-पस्तीस पैसे होतात.

"चार आने बंद झाले नं बे?" भाऊंनी विचारलं.

झाले, २०११ सालीच. आपण टाकून दिलेली चिल्लर अमेरिकेनं जपून ठेवली असावी.

खाण्यापिण्याचं सांगतो. जर्मनीतल्या बाजारात मसाले घातलेली गरम द्राक्षदारू मिळते. चिनी मातीच्या पेल्याची अनामत वेगळी द्यावी लागते आणि पेला परत केला की ती मिळते. इथं पेला फुकट. मी नातीची नजर चुकवून टिचकी मारली. पेला बाहुल्याच्या हाताला चिकटला आणि थोड्या थोड्या वेळानं आपोआप तोंडाला लागू लागला. प्यायलो तेवढा वेळ प्यायलो, पेला रिकामा होईना, चढेना, आणि खालीही ठेवता येईना. शेवटी नातीलाच तो सोडवावा लागला. "आबा!" एवढंच ती म्हणाली.

भाऊंची तऱ्हा निराळी. झाडाखाली फुकट भेटीचे डबे मांडलेले होते. डबा आधी जमिनीवर ठेवून उघडायचा असतो. भाऊंनी तो उघडायच्या ऐवजी 'परिधान' केला. उजव्या हाताला लाल फितीचा डबा चिकटवून ते पाऊण तास बाजारभर हिंडले. नातू काढून देतो म्हणाला तर नको म्हणाले. "राहू दे. रिकाम्या हातानं जत्रेतून येऊ नाई."

आणखी एक नियम ऐकण्यासारखा आहे. त्या जगात लिहून काही बोललं तर ते २० मीटरपर्यंतच्या लोकांना कळतं, ओरडलं तर १०० मीटरपर्यंत. भाऊ नुसतं बोलले तरी दोन शेतं ऐकू जात. पण त्यांना टंकता येत नाही. त्यामुळं बाजारातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस त्या दिवशी मुकाट फिरत होता. दोनचार परदेशी बाहुले जवळ येऊन काहीबाही लिहून गेले. भाऊंच्या नातवानं हात हलवण्याची कळ दाबली आणि भागवलं.

फिरता फिरता मला कशाची तरी चुकचुक लागून राहिली होती. वास नाही, हे तर उघडच होतं. पण आणखी काहीतरी. मग लक्षात आलं. जमिनीवर काहीच पडलेलं नव्हतं. शेंगांची फोलं नाहीत, पत्रावळी नाहीत, उसाची चिपाडं नाहीत, कुणा पोराची तुटकी चप्पल नाही. योगायोग असा, की बहिरमची यात्रा सुरू होते तो २० डिसेंबर म्हणजे गाडगेबाबांची पुण्यतिथी; १९५६ साली त्याच तारखेला अमरावतीजवळ वलगावपाशी बाबा गेले. कुठल्याही गावात, कुठल्याही यात्रेत शिरले की बाबा आधी हातात खराटा घेत. झाडून झालं की कीर्तन. ह्या बाजारात बाबा आले असते तर त्यांना करायला कामच नव्हतं. आणि केरच नाही म्हटल्यावर, ज्यांना खडसावायचं ती माणसं तरी कुठून असणार?

इतकं सगळं मनात टिपून मी निघायच्या तयारीत होतो. निकाल ठरला होता: नेपथ्य उत्कृष्ट, प्रकाश अडकलेला, पात्रं गैरहजर. तेवढ्यात नातू म्हणाला, "थांबा, मोठ्या आबांना तळ्यावर नेतो."

तळ्याच्या काठाशी एक रंगीत गोळा ठेवलेला असतो. त्यावर टिचकी मारली की बाहुला बर्फावर घसरू लागतो. भाऊंचा गडी सुरू झाला. हातात डबा तसाच. आधी सरळ, मग वळण घेऊन, मग एक पाय मागं उचलून एकाच पायावर गोल. पुन्हा सरळ, पुन्हा वळण.

फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन तुटली.

"भाऊ?"

"थांबा जरा, बापूआबा," नातू दबक्या आवाजात म्हणाला. "पाहून राह्यले ते."

मी तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसलो. म्हणजे बाहुल्याला बसवलं. माझ्या नातीची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. तिनं एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग नाही पाहिलं. चाळीस मिनिटं भाऊ फिरत होते. मधे एकदाच त्यांचा आवाज आला.

"पडत नाई बे हा."

"कोण, भाऊ?"

"हाच. म्या."

चार दिवसांनी परीक्षण लिहून झालं. छापायला देण्याआधी मी ते फोनवरून भाऊंना वाचून दाखवलं. आयुष्यात प्रथमच ज्याचं काम परीक्षणात आहे त्याला मी ते आधी वाचून दाखवत होतो.

"दुकानदार नाई हे लेहलं?"

"लिहिलं."

"चार आन्याचं?"

"तेही लिहिलं."

"अन् तळ्याचं?"

मी गप्प राहिलो. तळ्याचं काय लिहायचं ते मला सुचलं नव्हतं, आणि जे सुचलं होतं ते छापण्यासारखं नव्हतं.

"काहून नाई लेहलं? लेह, का तळं चांगलं होतं."

लिहितो. तळं चांगलं होतं.

मग भाऊ म्हणाले, "ते झालं. आता तू बहिरमले जाऊन ये. यंदा हंडी नाई आली घरात."

गेलो. जानेवारीचा पहिला आठवडा, भर दुपार, दोन डोळ्यांत दोन मुठी धूळ. कुंभारानं दोनशे सांगितले. मी छातीवर हात ठेवून "बाप्पा" म्हटलं. पण माझा "बाप्पा" नाट्यस्पर्धेतला, त्याचा परिणाम झाला नाही. दीडशेला हंडी घेतली, आणि परतवाड्याहून अंजनगाव, अकोट करत एसटीनं ती मांडीवर धरून अकोल्याला निघालो. अकोटच्या पुढं एक बाई म्हणाल्या, "बाबा, अस्थी आहेत का?" म्हटलं, नाही, मटणाची आहे. त्या खिडकीकडे सरकल्या.

भाऊ ओसरीतच होते. हंडी त्यांनी मांडीवर घेतली, फिरवून पाहिली, बोटानं टिचकी मारली, कान लावला. माझ्या पोटात गोळा आला.

"कितीले देल्ली?"

खोटं बोलायचं मी एसटीतच ठरवलं होतं. "एकशेवीस."

"लुटलं बे तुले!" भाऊ म्हणाले, आणि खुर्ची पुढं ओढून, तीच हंडी ऐंशीला कशी आणता आली असती, पहिल्या दुकानी काय बोलायला हवं होतं, दुसऱ्या दुकानी कुठं बसायला हवं होतं, हे त्यांनी मला दिवे लागून अंधार पडेपर्यंत सांगितलं.